तारप्याचे ध्वनिमुद्रण : प्रस्तावना

तारपा हे भोपळा, बांबू, ताडाची पाने आणि मधमाश्यांचे मेण यांपासून बनणारे फुंकवाद्य आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत ते वाजते. लगतच्या दक्षिण गुजरातच्या आणि दादरा-नगर हवेलीच्या डोंगरपट्ट्यातही त्याचे वादक आहेत. वारली चित्रांमुळे त्याचा आकार जगभर पोचला. फेर धरलेल्या माणसांच्या मधोमध वाकून उभा असलेला वादक आणि त्याच्या हातातला लांबलचक कर्णा आज भिंतींवर, साड्यांवर आणि शुभेच्छापत्रांवर दिसतो. आवाज मात्र त्या मानाने फार थोड्यांच्या कानी पडला आहे, आणि पडला तोही बहुधा मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून. मानसुद्धा चित्राला आधी मिळाला. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे २०११ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील, नव्वदी गाठलेले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव त्या यादीत २०२६ मध्ये आले. चित्राची छापील प्रत काढणे सोपे असते. तारप्याचा आवाज जसाच्या तसा पकडणे कठीण आहे, आणि त्या आवाजावर आजची नवी रचना उभी करून तिचे मुद्रण करणे त्याहून कठीण. ही अडचण कोठून येते आणि ती कशी सोडवता येते, हा या प्रस्तावनेचा विषय.

वाद्याची घडण पाहिल्यावाचून मुद्रणाचा विचार करता येत नाही. दुधी भोपळा वेलीवरच पुरता जून होऊ देतात, मग तो वाळवून आतला गर आणि बिया काढून टाकतात. वरच्या टोकाशी फुंकण्यासाठी भोक असते. खालच्या तोंडात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवून सांधा मेणाने बंद करतात. भोपळ्याच्या आत राहणाऱ्या नळीच्या टोकाशी बांबूचीच बारीक जीभ कापलेली असते. हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि नळीतली हवा बोलू लागते. नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला ताडाच्या पानांच्या पट्ट्या गुंडाळत नेऊन रुंदावत जाणारा कर्णा केलेला असतो. काही तारपे हातभर लांबीचे, तर काही माणसाच्या उंचीहून मोठे असतात. या सामग्रीत दुकानातून आणावे लागेल असे जवळजवळ काहीच नसते. कारागीर वेगळा शोधावा लागत नाही, कारण चांगला वादक बहुधा स्वतःचा तारपा स्वतःच बांधतो, दुरुस्त करतो आणि लावून घेतो.

वादकाचे ओठ जिभेला लागत नाहीत, ही या रचनेतली कळीची गोष्ट. सनईत पत्ती ओठांत असते, त्यामुळे वादक ओठांच्या दाबाने सूर चढवू-उतरवू शकतो, मींड घेऊ शकतो. तारप्यात हवा आधी भोपळ्यात साठते आणि तेथून दोन्ही नळ्यांत एकदमच शिरते. गारुड्याची पुंगी याच कुळातली. वादकाच्या हाती दोनच साधने उरतात, बोटे आणि फुंकीचा जोर. तो नाकाने श्वास घेता घेता गालांत धरलेली हवा पुढे ढकलत राहतो, त्यामुळे आवाजात खंड पडत नाही. दोन्ही नळ्या एकाच हवेवर वाजत असल्याने एकटा स्वर कधी ऐकूच येत नाही. प्रत्येक स्वराला जोडीदार असतो. दोघांच्या सुरांत केसभर अंतर राहिले की आवाजात एक जलद कंप उमटतो. तारप्याचा म्हणून जो भरीव, घुमणारा, अंगावर येणारा नाद ओळखला जातो, तो बव्हंशी या कंपातून निर्माण होतो. ऐकणाऱ्याचा कान केवळ पेटीवर किंवा कीबोर्डवर तयार झालेला असेल, तर त्याला हा कंप चूक वाटतो. त्याचे मत ग्राह्य धरायचे कारण नाही.

सुरांच्या पट्टीचेही तसेच. तारप्याला बाहेरून ठरवून दिलेली पट्टी नाही. नळीवरची भोके बांधणाऱ्याच्या बोटांच्या मापाने आणि कानाच्या हुकमाने पडतात. एका पाड्यातला तारपा दुसऱ्या पाड्यातल्या तारप्याशी जुळेलच असे नाही, आणि जुळावा अशी अपेक्षाही नसते, कारण एका फेरात साधारणपणे एकच तारपा वाजतो. याचा अर्थ तो कसाही लावलेला असतो असा नाही. मेणाचा एखादा कण कोठे लावायचा, जीभ किती खरवडायची, याचा निर्णय वादक पुन्हा पुन्हा वाजवून घेतो आणि मनासारखा नाद मिळेपर्यंत वाद्य हातावेगळे करत नाही. त्यात हवामानाची भर पडते. शून्य अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो, वीस अंशांना तो ३४३ होतो. म्हणून नळीतली हवा दहा अंशांनी तापली तर सूर जवळजवळ एक-तृतीयांश अर्धस्वराने चढू शकतो. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. तेथे कार्तिकातली पहाट आणि त्याच दिवसाची दुपार यांच्या तापमानात एवढे अंतर सहज पडते. पहाटे मुद्रित केलेला तुकडा दुपारच्या तुकड्याला जोडू पाहणाऱ्याला हे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय भोपळा तडकतो, मेण उन्हात मऊ पडते आणि श्वासातल्या ओलाव्याने जीभ जड होते.

तारपा हे बसून ऐकवण्याचे वाद्य नाही. वादक अंगणात किंवा खळ्यावर उभा राहतो, कर्ण्याचे तोंड जमिनीकडे झुकवतो आणि वाजवत वाजवत पावले टाकतो. त्याच्याभोवती पुरुष आणि बाया एकमेकांच्या कमरेत हात गुंफून फिरतात आणि त्यांच्या वळणाचा रोख तारप्याकडे असतो. सोबत सहसा ढोल नसतो. ताल धरतात ती पावले, आणि घुंगरू बांधलेली काठी जमिनीवर आपटणारा म्होरक्या. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात. पाहणाऱ्याला वाटते की वादक पुढे आणि नाचणारे मागे. प्रत्यक्षात ओढ दोन्ही बाजूंनी असते, कारण फेर रंगला तर वादक तीच चाल लांबवतो आणि पावले थकली तर सोडून देतो. त्यामुळे वादकाला एकटे खुर्चीवर बसवून काढलेले मुद्रण हे त्याच्या वादनाचे निम्मेच मुद्रण ठरते.

वाद्याला ऋतूही आहे. भाताच्या कणसात दाणा भरू लागला की तारपे खाली निघतात, आणि कापणी-मळणीच्या दिवसांत रात्ररात्र वाजतात. धान्याची देवता कणसरी आणि नारनदेव यांच्या मान्यतेशी हा काळ बांधलेला आहे. आज त्या ऋतूवर दुसऱ्या बाजूने कात्री चालली आहे. जव्हार-मोखाड्यात भाताच्या एका पिकानंतर पोटापुरते काम उरत नाही. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, ठाणे, नाशिक या बाजूंना वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. पाड्यात माणसेच नसतील तर फेर कोण धरणार? दसरा ते दिवाळी एवढ्या अवधीत सगळे उरकते. मुद्रणासाठी बाहेरून येणाऱ्यांना उन्हाळ्याची सुट्टी सोयीची पडते, पण तेव्हा वाद्य खुंटीला असते आणि वादक कदाचित भट्टीवर. याउलट ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला भर पावसात तारपा वाजतो, तो मिरवणुकीत आणि ध्वनिक्षेपकावर. तेही आजच्या तारप्याचे खरे रूप आहे आणि त्याचीही नोंद व्हायला हवी. फक्त ती नोंद खळ्यावरच्या रात्रीची म्हणून खपवू नये.

तारप्याच्या शेजारी आणखी काही वाद्ये आहेत आणि मुद्रकाच्या दृष्टीने ती तितकीच नाजूक आहेत. घांगळी हे दांडीला दोन भोपळे जोडलेले तंतुवाद्य. भगत ते कणसरीच्या आणि इतर देवांच्या कथा लावताना वाजवतो. थाळी त्याहून हळू बोलते. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि चिमटीतून ती वरून खाली ओढत राहतात. थाळी कंप पावते आणि एकसंध गुंजारव सुरू होतो. त्या आधारावर कथा सांगितली जाते. मृत्यूनंतरच्या विधीत तिला स्थान आहे, आणि कोकणा समाजात थाळीवरच्या कथांची परंपरा डांगपर्यंत पसरलेली आहे. दुसऱ्या टोकाला मोखाड्याचा बोहाडा. मुखवट्यांची सोंगे, सनई, संबळ आणि रात्रभराची गर्दी, असा हा उघड्यावरचा, दणदणीत प्रकार. थाळी आणि संबळ यांना एकाच उपकरणाने, एकाच पातळीवर टिपू पाहणारा दोन्हींना मुकतो.

जुन्या वाद्यावर आजचे संगीत मुद्रित करण्याचा प्रश्न एकट्या जव्हारचा नाही. युरोपातील व्हायोलिनच्या जगात त्यावर सत्तर वर्षे काम झाले आहे, आणि त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत व्हायोलिनला मेंढीच्या आतड्याच्या तारा असत. सर्वांत उंच तार पोलादाची करण्याची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फैलावली आणि पुढे उरलेल्या तारांतही धातू आला. यशा हाइफेट्झसारखा वादक मधल्या दोन तारा आतड्याच्याच वापरत राहिला, पण एकंदर ओघ मोठ्या सभागृहांना पुरेल अशा प्रखर आवाजाकडे होता. पट्टीही ठरत गेली. १८५९ मध्ये फ्रान्सने ४३५ कंपनांचा प्रमाणस्वर कायद्याने नेमला. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० चा आकडा मान्य झाला. या घडामोडींत बाखच्या काळचा नाद हरवला. तो शोधण्यासाठी निकोलाउस हार्नोन्कूर यांनी १९५३ मध्ये व्हिएन्नात जुन्या वाद्यांचा वृंद उभारला. आतड्याच्या तारा, जुन्या घडणीचे गज आणि बहुधा ४१५ कंपनांची, म्हणजे आजच्याहून अर्ध्या स्वराने उतरती पट्टी, अशी ही वाट. आरंभी तिच्यावर टीका झाली. वाद्ये कर्कश आहेत, बेसूर आहेत, असे म्हटले गेले. दोन-तीन दशकांत श्रोत्यांचा कान बदलला. त्यात सभांपेक्षा ध्वनिमुद्रिकांचा वाटा मोठा होता, कारण आतड्याच्या तारेचा हळुवार, तंतुमय आवाज हजार खुर्च्यांच्या सभागृहात विरतो आणि माइकजवळ उमलतो.

पुढे ही दृष्टी विसाव्या शतकातील रचनांनाही लावली गेली. फ्रान्सवा-झाविए रोत यांनी २००३ मध्ये स्थापन केलेला ‘ले सिएक्ल’ हा वृंद प्रत्येक रचना तिच्या काळच्या वाद्यांवर वाजवतो. इगोर स्त्राविन्स्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्तो १९३१ मध्ये बर्लिनला सॅम्युएल डुश्किन यांनी प्रथम सादर केला. व्हायोलिनवादक इझाबेल फाउस्ट यांनी ‘ले सिएक्ल’सह तो आणि स्त्राविन्स्कीच्या काही लहान रचना मुद्रित केल्या आणि ते मुद्रण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अवघ्या नव्वद वर्षांपूर्वीच्या रचनेसाठी एवढा खटाटोप का, याचे उत्तर रचनेतच आहे. तीत व्हायोलिन बराच वेळ दोन-चार फुंकवाद्यांशी बरोबरीच्या नात्याने बोलते. आजची फुंकवाद्ये अधिक रुंद आणि बलवान आहेत, तारा अधिक तीक्ष्ण आहेत, आणि दोहोंचा तोल आता अभियंत्याला खटके सरकवून साधावा लागतो. जुन्या घडणीची वाद्ये घेतली की तो तोल खोलीतच साधतो आणि माइकला तो फक्त टिपायचा उरतो.

या अनुभवातून जव्हारला लागू पडणारी गोष्ट एकच आणि ती मोलाची आहे: मुद्रणाची सोय पाहून वाद्य बदलू नये, वाद्य पाहून मुद्रणाची पद्धत बदलावी. बाकी तुलना जपून करावी लागते. युरोपात परंपरेचा धागा तुटला होता. वाद्ये संग्रहालयात होती, वादनाची रीत जुन्या पोथ्यांतून उकलावी लागली, आणि प्रत्येक निष्कर्षावर वाद झाला. जव्हार-मोखाड्यात भोपळा पेरणारा, नळी कापणारा आणि रात्रभर फुंकणारा माणूस अजून समोर आहे. त्याला विचारता येते, त्याच्या हाताकडे पाहता येते. त्याच्या वाद्याला ‘प्राचीन’ हे लेबल चिकटवले की तो स्वतःच संग्रहालयातली वस्तू होतो, आणि त्याने काल बांधलेल्या नव्या चालीकडे कोणी लक्ष देत नाही.

बाहेरच्या पट्टीने आपले सूर मोजण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिला विरोधही येथेच झाला. पेटीच्या समान अंतराच्या स्वरांनी गाण्यातल्या श्रुती झाकल्या जातात, हे ध्यानात घेऊन सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर तारेवर मोजून पाहिले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचे पुस्तक पुण्यात प्रसिद्ध केले. ई. क्लेमेंट्स यांच्यासह त्यांनी श्रुतींची पेटीही घडवली. आकाशवाणीने तर १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दारच बंद ठेवले. हा सारा खल रागसंगीतापुरता राहिला. लोकवाद्यांच्या सुरांकडे त्याच काटेकोरपणे पाहण्याची भूमिका मराठीत अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) या ग्रंथातून मांडली. आदिम संगीत हे कलासंगीताची कच्ची पायरी नसून त्याचे हेतू आणि नियम स्वतंत्र आहेत, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र तारप्याच्या मुद्रणाला पायाभूत आहे.

आता प्रत्यक्ष मुद्रण. पहिला प्रश्न जागेचा. तारप्याचा कर्णा जमिनीकडे बोलतो. शेणाने सारवलेली चोपण जमीन तो आवाज वर परतवते आणि नाचणाऱ्यांच्या पायांनाही तो जाणवतो. शहरातल्या स्टुडिओत खाली गालिचा आणि भिंतींना फोम असतो, म्हणून अर्धा आवाज तेथेच गडप होतो. उरतो तो नळ्यांचा कोरडा, चिरका भाग, आणि मग अभियंता तो ‘सुधारायला’ कृत्रिम घुमारा घालतो. स्टुडिओच वापरावा लागला तर कर्ण्याखाली जाड फळी किंवा फरशी ठेवल्याने बराच फरक पडतो. शक्य असेल तेथे खळ्यावरच जावे. खळ्यावर रातकिडे असतात, कुत्री असतात, जवळच्या रस्त्यावरून मोटारसायकली जातात. रातकिड्यांना हरकत घ्यायचे कारण नाही. तो त्या ऋतूचाच आवाज. जनित्र मात्र दूर नेऊन ठेवावे किंवा बंदच करावे, कारण त्याची घरघर तारप्याच्या खालच्या सुरांतच मिसळते आणि नंतर वेगळी काढता येत नाही.

माइक कोठे ठेवायचा, यावर एकच उत्तर नाही. कर्ण्याच्या तोंडाशी ठेवला तर श्वासाचा झोत येतो, भोपळ्याशी ठेवला तर जिभांची खरखर आणि बोटांचे आवाज मोठे होतात. वादक फिरत असल्याने उभ्या माइकला आवाज कमी-जास्त होत राहतो. फेराबाहेर माणसाच्या उंचीवर माइकची जोडी ठेवून पावले, घुंगुरकाठी आणि तारपा यांचे नाते टिपावे आणि वादकाच्या अंगावर एक लहान माइक वेगळ्या वाहिनीवर चालू ठेवावा, ही रीत बहुतेक ठिकाणी निभावते. अभ्यासासाठी स्थिर वादनाचे वेगळे मुद्रण उपयोगी असते, पण तेव्हाही चार-दोन माणसांनी फेर धरावा, नाहीतर लय सैल पडते. लांबीवर बंधन घालण्याचे कारण आता उरलेले नाही. तीन मिनिटांचे गाणे ही ७८ फेऱ्यांच्या तबकडीची मर्यादा होती. २४ बिट आणि ४८ हजार नमुन्यांचे दोन वाहिन्यांचे मुद्रण तासाला साधारण एक गिगाबाइट जागा घेते. पुरी रात्र एका लहानशा कार्डावर मावते. चालीचे रंगणे, थकणे, पुन्हा पेटणे हे सलग मुद्रणातच कळते.

आजची बहुतेक मुद्रणे मोबाइलवर होतात, आणि मोबाइल तारप्याचा शत्रू ठरू शकतो. फोन मुळात बोलण्यासाठी बनलेला आहे. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा, गाडी, गोंगाट असे त्याची आज्ञावली गृहीत धरते आणि तो आवाज दाबते. तारप्याचा अखंड सूर आणि थाळीचा गुंजारव नेमके या व्याख्येत बसतात. फोन वाद्यालाच गोंगाट समजून पुसतो आणि पावलांचा धप्प आवाज ठळक ठेवतो. त्यातच आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते, आणि फाइल पाठवताना ती आणखी आकुंचन पावते. गोंगाट कमी करणारी आणि पातळी आपोआप ठरवणारी सोय बंद करणारे मुद्रण-अ‍ॅप वापरले आणि मूळ फाइल न दाबता जपली, तर त्याच फोनवर कितीतरी चांगले काम होते. पाड्यातल्या तरुणांच्या हाती हेच साधन असल्याने ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचणे महागड्या उपकरणांहून अधिक गरजेचे आहे.

नव्या रचनांचा भाग सर्वांत वादाचा. तारप्यावर नवे काही करूच नये, असा सोवळा आग्रह धरण्यात अर्थ नाही. वादक स्वतः नव्या चाली बांधतात. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप-गटाने आरे येथील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्या सहभागाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. जमिनीच्या लढ्याचे आजचे शब्द आणि जुना नाद यांची ती गाठ अस्सल आहे. चिंता आहे ती दुसऱ्याच प्रकाराची. लग्नाच्या वरातीत कीबोर्डवरचा तारप्यासारखा आवाज वाजतो, आणि गाण्यांत तारप्याचा एक तुकडा कापून, कीबोर्डच्या स्वराला ओढून, पुन्हा पुन्हा चिकटवला जातो. सूर सरळ करणारे सॉफ्टवेअर दोन नळ्यांतला कंप काढून टाकते, आणि ठराविक ठोक्याच्या चौकटीत बसवलेली पावले निर्जीव होतात. असा तुकडा कोणत्या पाड्यातला, कोणाच्या श्वासाचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

यावर उपाय अवघड नाही, थोडा संयम लागतो. रचनेला आरंभ करण्यापूर्वी त्या दिवशी, त्या जागी तारपा ज्या सुरांत बोलतो ते सूर मोजावेत आणि बाकीच्यांनी आपली वाद्ये त्याला लावावीत. कीबोर्डचे स्वर आता हवे तसे बदलता येतात. गळा कोणत्याही सुराला लागतो. व्हायोलिनला तर पडदेच नसतात. गजाननबुवा जोशी आणि द. के. दातार यांनी मराठी श्रोत्यांना हे वाद्य गायकी अंगाने ऐकवले, ते या मोकळेपणाच्या बळावर. तारप्याच्या सुरांशी जुळवून घेण्याची ताकद व्हायोलिनमध्ये पुरेपूर आहे, आणि आतड्याच्या तारा लावल्या तर दोन्ही वाद्यांच्या नादाचा पोतही जवळ येईल. तालासाठी यंत्राच्या ठोक्याऐवजी घुंगुरकाठी कानात द्यावी. तारप्यात ओठांनी आवाज हळू करता येत नाही, हे रचनाकाराने आधीच जाणावे. सोबतच्या वाद्यांनी मागे-पुढे व्हावे, तारप्याने नव्हे. त्याला विश्रांती हवी असेल तर ती पूर्ण शांततेची द्यावी, कारण भोपळ्यात हवा भरून पहिला सूर स्थिर व्हायला क्षणभर लागतोच.

हक्कांचा प्रश्न येथे टाळता येत नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आला. सादरकर्त्याच्या व्याख्येत वादक आणि नर्तक आहेत, आणि गारुडीही नावानिशी आहे. म्हणजे तारप्याच्या नातलगाची दखल कायद्याने स्पष्टपणे घेतली आहे. परवानगीवाचून मुद्रण करणे किंवा मुद्रणाचा दुसराच वापर करणे हा त्या हक्काचा भंग ठरतो. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातील मानधनाचा वाटा व नाव लावून घेण्याचा हक्कही दिला. ‘पारंपरिक’ एवढाच शब्द छापून वादकाचे नाव गाळण्याची जुनी रीत म्हणून कायद्यालाही धरून नाही. कायद्यापलीकडेही काही मर्यादा आहेत. मृत्युविधीतली थाळीची कथा भगताला आणि घरच्यांना विचारल्याशिवाय मुद्रित करू नये, आणि केलीच तर ती कोणी ऐकावी हेही त्यांनीच ठरवावे.

मुद्रणाला त्याची नोंद जोडली नाही तर वीस वर्षांनी ते मुके होते. गाव आणि पाडा, तिथी आणि वेळ, वादकाचे त्याला मान्य असलेले नाव, वाद्य कोणी बांधले, भोपळा कोणत्या साली धरलेला, लांबी, जीभ केव्हा बदलली, चालीला तेथे काय म्हणतात, फेरात कोण होते, हवा किती तापलेली होती, एवढे तरी लिहून ठेवावे. आकडे मोजता आले नाहीत तर बोलून नोंदवावेत; वादकाने स्वतःच्या बोलीत वाद्याची ओळख सांगितली तर ती दोन मिनिटे कोणत्याही तक्त्याहून उपयोगी पडतात. वाद्य बांधण्याचे मुद्रणही त्याच संचात असावे, कारण भोपळा पोखरताना त्यावर टिचकी मारून कारागीर जे ऐकतो तेही या संगीताचाच भाग आहे. एक प्रत वादकाच्या घरी, एक गावातल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत आणि एक दीर्घकाळ टिकणाऱ्या संग्रहात असावी. १९८२ मध्ये सुरू झालेले आणि आता गुरुग्राम येथे असलेले लोकसंगीताचे अभिलेखागार अशा संग्रहांपैकी एक आहे. कार्डे आणि डिस्क काही वर्षांत खराब होतात, तेव्हा दर चार-पाच वर्षांनी सर्व प्रती नव्या साधनांवर उतरवून तपासाव्या लागतात, आणि हे काम कोणी करायचे हे मुद्रणाच्या दिवशीच ठरवावे लागते.